मुद्दा क्रमांक सहा

विल्फ्रिदोच्या बहिणीनं तिसरं लग्न केलं आणि पंगतीत पहिल्या दोन्ही नवऱ्यांना शेजारीशेजारी बसवलं, त्या वर्षी असुन्सिओनमधल्या एका कंपनीनं आपल्या टिपणवहीची मोबाइल आवृत्ती काढायचं योजलं. टिपणवही म्हणजे संगणकात टिपणं ठेवायची सोय. माणसानं काही विसरू नये, हे कंपनीचं ब्रीद. विल्फ्रिदो योजनाप्रमुख होता.

त्याची आई बाजारात झाडपाला विकायची. गिऱ्हाइकानं दुखणं सांगावं, तिनं त्यावरची पानं-मुळं उखळीत कुटून तेरेरेच्या, म्हणजे तिथल्या थंड चहाच्या, बर्फगार पाण्यात घालून द्यावीत. सगळा बाजार तिला मानानं न्या सेफेरिना म्हणे. अक्षरं ती पन्नाशीनंतर शिकली होती. दोनशे औषधं होती, ती सगळी डोक्यात.

"विल्फ्रिदो, डोक्यातला पाला गळायला लागलाय रे," ती एकदा म्हणाली. "काल मुतखड्याच्या बाईला खोकल्याचं दिलं."

"मग?"

"मग काय? खोकला गेला तिचा. खडा जिथल्या तिथं. मी म्हणते, एक वही घेते नि लिहून काढते."

विल्फ्रिदो ताडकन उठला. "वही? अगं, टिपणवहीचा योजनाप्रमुख मी, आणि माझी आई कागदावर खरडणार? बाजारात तोंड कसं दाखवू?"

"तू बाजारात येतोस कधी तोंड दाखवायला?"

"थोडी थांब. मोबाइलवर येतंय. पहिली नोंद तुझीच."

"तोवर मी सांगते, तू तुझ्या संगणकात उतरव."

"आणि मग त्या नोंदी मोबाइलवर आणायच्या कशा? तो मुद्दा क्रमांक सहा आहे. अजून तिथवर आलो नाही."

म्हातारी थांबली.

योजना समिती रोज सकाळी दहाला बसे. बैठक म्हटली की तेरेरे आलाच. एकच पेला, एकच नळी, कचेरीतली मिर्ता पाणी ओतणार आणि पेला गोल फिरणार. थर्मासमधलं पाणी संपलं की बैठक संपली, हा रिवाज कुणी मोडत नसे. मोबाइल आवृत्ती नसल्यामुळं आणि पाण्याजवळ संगणक नेण्यास मनाई असल्यामुळं इतिवृत्त कागदावर लिहावं लागे. ते लिहिण्याचं कामही मिर्ताकडंच होतं.

पहिला मुद्दा मागील बैठकीचं इतिवृत्त वाचण्याचा. त्या इतिवृत्तात त्याच्या मागचं इतिवृत्त वाचल्याची साद्यंत नोंद असे. त्यामुळं अकराव्या बैठकीत वाचन संपायच्या आतच पाणी संपलं.

"पाणी कमी पडतं," अध्यक्ष डॉन एवेलिओ गंभीरपणे म्हणाले.

पाच लिटरचा थर्मास मंजूर झाला. त्यानंतर सभासद वारंवार बाहेर जाऊ लागले आणि गणसंख्या मोडू लागली. तेव्हा संडासात असलेला सभासद तत्त्वतः हजर मानावा, असा ठराव झाला. तो मंजूर करतानाही चौघे तत्त्वतःच हजर होते.

"पोटात पाच लिटर गेलं, मुद्दा तीनवरच," मिर्ता म्हणाली. "माझ्या आजीची गाय याहून लवकर व्यायची."

एक ऑगस्ट उजाडला. तिकडं ऑगस्ट थंडीचा, म्हाताऱ्यांवर टपलेला असतो, म्हणून त्या दिवशी उसाच्या दारूत सताप आणि लिंबू घालून अनशापोटी सात घोट घ्यायचे. न्या सेफेरिनानं लेकाच्या कचेरीसाठी एक मोठी बाटली भरून पाठवली. पिढ्यान्‌पिढ्या सात घोट घेतात. समितीनं बाटली संपवली. त्या दिवशी इतिवृत्त वाचायचं कुणाला सुचलंच नाही. पाऊण तासात सातही मुद्दे एकमतानं मंजूर झाले. मुद्दा सहावर तर डॉन एवेलिओंनी इतका सोपा उपाय सांगितला की सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

दुसऱ्या दिवशी न्या सेफेरिनानं विचारलं, "काय ठरलं रे?"

"ठरलं, आई! सगळं ठरलं."

"काय?"

विल्फ्रिदोनं कपाळ चोळलं. "ते कुणालाच आठवत नाही. मिर्तानं लिहून घेतलं नाही. तिनंही घेतली होती ना."

"म्हणजे आता तुझी सगळी कंपनीच माझ्यासारखी झाली," म्हातारी म्हणाली आणि हाताआड खूप हसली. मग म्हणाली, "आज मला दम्याचं आठवेना. आता तरी वही घेऊ का?"

"आठवडाभर थांब. काय ठरलं ते आठवण्यासाठी उपसमिती नेमलीय."

उपसमितीची पाच लिटरची पहिली बैठक लगेच भरली. ती उपसमिती अजून आहे. बाजारात आता दमेकरी आला की शेजारच्या पालेवाल्या एकमेकींकडं बघतात. विचारून ठेवायचं प्रत्येकीच्या मनात होतंच.

हे वाचताना ज्यांना आपल्या आईला काही विचारायचं राहिल्याचं आठवलं, त्यांनीही ते उतरवायला कोणतं अॅप बरं, याचा शोध एव्हाना सुरू केला असेल.

न्या सेफेरिना त्याच वर्षी एकोणीस ऑगस्टला सकाळी वारली.