बाहुल्या पंचमीला येतात

मागं का बसलात? या, असे पुढं सरका. बुवांचा चहा व्हायचाय, पखवाजाला कणीक लागायचीय. तेवढ्यात सांगलीच्या मधूची गोष्ट सांगून होते.

मधूचं गणपती पेठेत खेळण्यांचं दुकान. तयार खेळणी नव्हेत. पोरानं यायचं, रिकामं कापडी अंग निवडायचं, त्यात कापूस ठासायचा, डोळ्यांची बटणं निवडायची आणि आपली बाहुली आपणच करून न्यायची. पाठीची शिवण घालायला राहीबाई होती. कवठे महांकाळची, साठी उलटलेली, एकटी. शेवटचा टाका घातला की दोरा दातानं तोडायची, बाहुलीची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडायची आणि ती पोरीच्या हातात देऊन म्हणायची, "ही माझी लेक तुज्या घरात दिली बग. नीट सांभाळ. आन् पंचमीला म्हायेराला घिऊन ये."

पोरी मान हलवायच्या, आया हसायच्या. मधू तर कीर्तनवेडा माणूस, त्याचे डोळेच भरून यायचे.

पण त्याला साताऱ्यात दुसरं दुकान काढायचं होतं. पैसे घालणार होते बहिणीचे यजमान, पुण्याचे अनीशदाजी. त्यांची अट एकच. "मधू, गिऱ्हाईक परत आलं पाहिजे. एकेका पोराकडं चार-चार खेळणी दिसली पाहिजेत. मी येऊन बघणार आणि मगच ठरवणार."

आणि नेमकं गिऱ्हाईकच परत येत नव्हतं. मधूनं बाजारात भेटलेल्या एका आईला विचारून बघितलं, "वहिनी, दुसरी एखादी? आता ससेपण आलेत."

"आवं, एक पोर नांदतीय की घरात. तिच्या उरावर सवत आणू व्हय?"

मधूनं सशांचं नाव पुन्हा काढलं नाही.

दाजी आले ते बरोबर नागपंचमीला. बघतात तर दुकानाबाहेर रांग, पार रसवंतीपर्यंत! "मधू, लेका, एवढं गिऱ्हाईक परत आलं?" म्हणत त्यांनी फोटोच काढायला घेतले. मधूलाही काही कळेना. रांगेत पहिली होती राजनंदिनी, आईचा हात धरून तासगावाहून एसटीनं आलेली. तिनं बाहुली टेबलावर बसवली.

"म्हायेराला आलीय. बांगड्या भरा हिला."

"मी?"

"मग कोण? मामा न्हवं का तुमी हिचं?"

दुसरीच्या बाहुलीचा हात निखळला होता. "सासरी काम लय पडतंय," ती म्हणाली. तिसरीनं बाहुलीची पिशवीच आणली होती, आत दोन झबली आणि कंगवा. मुक्कामाला ठेवून ती निघालीसुद्धा. तिच्यामागं सयाजी नावाचा दांडग्या मिशांचा फौजी, सुट्टीवर आलेला. बाहुली टोपीखाली झाकून तो हळूच म्हणाला, "आमच्या लेकीला ताप हाय, म्हनून मी आलो. खण घेतल्याबिगर परत यायचं न्हाई, असा हुकूम हाय."

आत राहीबाई एकेकीला मांडीवर घेऊन टाके घालत होती, उरलेल्या कापडातून खण फाडून देत होती. पोरींनी फेर धरला होता. पाकीट मात्र कोणी उघडलं नाही. माहेरी आल्यावर पैसे कोण देतं?

"हा धंदा आहे की धर्मशाळा?" दाजी म्हणाले.

मधूला साताऱ्याचं दुकान हातचं जाताना दिसलं. भ्यालेल्या माणसाचा आवाज चढतो, तसा त्याचा चढला. सगळ्यांदेखत तो ओरडला, "राहीकाकी, हे दुकान आहे, माहेर नव्हे! बंद करा हे!"

फेर थांबला. राहीबाईनं हातातली शिवण पुरी केली. "चुकलं बाबा," म्हणाली, चष्मा पदराला पुसला आणि कवठ्याच्या गाडीला निघून गेली.

मधू तिच्यामागं धावणारच होता, पण दाजींनी दंड धरला. "थांब, थांब. ही माणसं परत आली ना? मग माहेरच विकू! बांगड्यांचं एक पाकीट, खणाचं एक पाकीट. पाटी लाव, बाहुलीचं माहेर!"

आणि मधू थांबला. तिथंच चुकलं.

दिवाळीत साताऱ्याचं दुकान थाटात उघडलं. गुलाबी भिंती, गार हवा, शिवणीला मशीन. बाहुल्या खपल्याही. पुढच्या पंचमीला त्या बाहुल्या घेऊन पोरी आल्या, तेव्हा मधू पाकिटं मांडून हसत उभा होता. श्रद्धा नावाच्या चिमुरडीनं चारी भिंती न्याहाळल्या.

"काका, हिची आई कुठाय?"

"आई नाही गं इथं. बांगड्या आहेत की. या बघ, हिरव्या."

"आई नाही, मग माहेर कसलं?"

ती वळली. तिच्यामागं सगळी रांग वळली.

त्याच दुपारी मधू कवठ्याला गेला. राहीबाईच्या ओसरीवर वीसेक बाहुल्या ओळीनं बसलेल्या, अंगणात सांगली-तासगावच्या पोरींचा फेर. धंद्याची वाढ म्हणतात ती इथं झाली होती, पाटी न लावता.

"काकी, चुकलो. चला परत. साताऱ्याला चला, सांगलीला चला, म्हणाल तिथं."

"आता ह्यास्नी सोडून कुटं येऊ रं? बस, दिंडं उकडल्यात. खाऊन जा."

तिनं दिंडावर तुपाची धार सोडली. मधू दिंड नुसतंच कुस्करत बसला. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "पोरी माझी आठवण काढतात का हो?"

"काढत्यात की," राहीबाई म्हणाली. "मामा लय रागीट हाय, म्हंत्यात."

ती अजून तिथंच असते. आज आरतीला हात जोडाल, तेव्हा राहीबाईची आठवण ठेवा. तिच्यासाठी काही मागू नका, तिला काही कमी नाही. मधूसाठी मात्र थोडं मागितलंत तरी चालेल.