पुसलेले ठसे आणि टोपीवाली अक्षरं

उंची पाच फूट साडेतीन इंच (बुटांसह), नजर अशी की घारीने लाजून चष्मा लावावा, बुद्धी तल्लख, चाल मांजराची आणि मौन असं की समोरचा गुन्हेगार घाबरून आपण होऊन बोलायला लागतो. असा मी. हे वर्णन माझं नव्हे, विकीवरच्या माझ्या पानावरचं आहे. ते पान मीच लिहिलं होतं ही गोष्ट वेगळी, आणि ते बारा मिनिटांत काढून टाकण्यात आलं ही त्याहून वेगळी. विकीवर देखरेख करणारे जे प्रचालक असतात, त्यांनी कारण दिलं होतं, 'संदर्भ नाहीत.' मी संदर्भ म्हणून बायकोचं नाव दिलं होतं. त्यांनी तिला विचारलं असावं, असा मला आजही संशय आहे.

बायको माझी सहायक. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. माझं भिंग त्या दुकानाचं आहे आणि ते सकाळी अकराच्या आत परत करायचं या बोलीवर मिळतं. त्यामुळे माझे तपास नऊ ते अकरा या वेळात चालतात. गुन्हेगारांना हे कळू नये म्हणून मी उरलेल्या वेळात झोपतो.

मंगळवारी सकाळी आमच्या दारात बाइंडरबाई उभ्या राहिल्या. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्या फाटकी पुस्तकं शिवतात. हातांना वाळलेली खळ, केसात दोऱ्याचा तुकडा, डोळे रडून लाल.

"तुम्ही अलीकडेच रडला आहात," मी म्हणालो.

"हो," त्या म्हणाल्या. माझ्या पद्धतीने त्या थक्क झाल्या होत्या, पण त्यांनी दाखवलं नाही.

हकीकत अशी. बाइंडरबाईंचे वडीलही बाइंडर. पन्नास वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली आणि देशोदेशीच्या बाइंडरांशी पत्रव्यवहार केला. खळ कशी शिजवायची, दोरा कुठे ओढायचा आणि कुठे सोडायचा, सगळं त्यांच्या डोक्यात. आता त्यांना दिसेनासं झालंय. म्हणून दोन वर्षं रोज थोडं थोडं विचारून बाइंडरबाईंनी ते सगळं विकीवर पुस्तकबांधणीच्या पानात लिहिलं. दुपारी जेवणानंतर त्या वडिलांना ते वाचून दाखवतात. त्या पत्रमित्रांची नावं त्यांच्या भाषेतल्या चिन्हांसकट लिहायची, हा वडिलांचा हट्ट. कोणाच्या अक्षरावर दोन ठिपके, कोणाच्या डोक्यावर टोपी, कोणाला खाली शेपूट.

"बाबा म्हणतात, माणसाने पत्राखाली जशी सही केली तसंच त्याचं नाव लिहायचं. कीबोर्डवर ही अक्षरं नसतात. पण विकीवर लिहिण्याच्या चौकटीखाली पट्टी असते, त्यात सगळी ओळीने मांडलेली असतात. ज्याला बोट लावलं ते अक्षर आपण लिहिता लिहिता जिथे थांबलो असू तिथे जाऊन बसतं. आमचा पडदा बोटानेच चालतो."

"मग अडचण काय?"

"आठ दिवस झाले, रोज सकाळी पानात कोणीतरी कचरा घुसवतंय." त्यांनी कागद पुढे केला. त्यावर वाक्य होतं: 'खळ ढवळताना हात âçéö सैल ठेवावा.' "मी सकाळी दहाला खळ ढवळायला परसात जाते. वीस मिनिटांनी येऊन बघते तर हे झालेलं असतं. नुसतं झालेलं नाही, जतनसुद्धा केलेलं! आणि बदलांच्या इतिहासात नाव माझं. प्रचालक मलाच विचारतायत, की बाई, तुम्ही हे काय चालवलंय?"

मी डोळे मिटले. â, ç, é, ö. "ही सांकेतिक लिपी आहे," मी म्हणालो. "आंतरराष्ट्रीय टोळी. ठिपके मोजा. टोपी म्हणजे टोपी घातलेला माणूस, शेपूट म्हणजे पाठलाग. टोपीवाल्याचा पाठलाग चालू आहे!"

"टोपी आपल्याकडे तुझ्याशिवाय कोण घालतं?" आतून बायको म्हणाली. मी टोपी काढून खिशात ठेवली.

साडेदहाला मी वाचनालयात पोचलो. मागची खोली लहान. एका बाजूला पुस्तकं दाबायचा शिकंजा, मध्ये टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि एकच दार. मी पडद्यावर भिंग धरलं आणि माझ्या अंगावर काटा आला. अख्ख्या काचेवर धुळीचा पातळ थर होता. मात्र खालची अक्षरांची पट्टी आणि तिच्याखालचं 'जतन करा' हे बटण आरशासारखं लखलखत होतं.

"बाई," मी हळूच म्हणालो, "गुन्हेगाराने ठसे पुसले आहेत."

बाइंडरबाई मटकन खुर्चीत बसल्या. खरं सांगायचं तर मलाही बसावंसं वाटत होतं, पण खुर्ची एकच होती.

मी वाचनालयाच्या सफाईवाल्या मावशींची उलटतपासणी घेतली. पद्धत म्हणून सगळ्यांचीच घ्यावी लागते.

"कॉम्प्युटरला कधी हात लावता?"

"छे हो! बाईंनी पहिल्या दिवशीच बजावलंय, हात लावायचा नाही. मी आपलं फडकं लावते."

मी वहीत लिहिलं: 'मावशी निर्दोष. हात लावत नाहीत.'

बुधवारी संशयाची सुई समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे वळली. मीच वळवली. तो प्रबंधांना स्टेपलरने टाचून देतो आणि त्याला बाइंडिंग म्हणतो, त्यावरून बाइंडरबाईंनी त्याला चारचौघांत झापलं होतं. सूड घ्यायला एवढं पुरे. मी मिशी लावून, दूरच्या गावचा व्यापारी बनून, त्याच्या दुकानात गेलो. संशय येऊ नये म्हणून प्रती काढायला काहीतरी द्यायला हवं, म्हणून खिशातून हाताला लागलं ते दिलं. ते माझं ओळखपत्र निघालं.

"किती प्रती काढू, गुप्तहेरसाहेब?" तो म्हणाला.

त्याचा पुरावाही भक्कम होता. रोज सव्वादहाला त्याच्या यंत्रात कागद अडकतो आणि चार गिऱ्हाइकं त्याच्यासमोर उभी राहून त्याचा उद्धार करतात. चौघांनीही साक्ष दिली, आणि थांबतच नव्हते.

मी वाचनालयात परतलो तेव्हा नववा बदल झालेला होता आणि प्रचालकांची सूचना आली होती: आता एकदा जरी असं झालं, तर त्याच दिवशी दुपारी बारा वाजता खातं बंद, आणि पान दोन वर्षांपूर्वी होतं तसं केलं जाईल.

"दोन वर्षांपूर्वी काय होतं?" मी विचारलं.

"तीन ओळी," बाइंडरबाई म्हणाल्या. "बाबांना काय वाचून दाखवू मी? त्या तीन ओळी?"

शिकंज्याजवळ स्टुलावर त्यांचे वडील बसले होते. मांडीवरच्या पुस्तकाच्या कण्यावरून नुसता अंगठा फिरवत राहिले. खूप वाईट वाटलं मला. क्षणभर त्यांच्यावरही संशय घेण्याचा माझा विचार होता, तो मी सोडून दिला.

"उद्या मी इथे एकदाही लिहीतच नाही," बाइंडरबाई म्हणाल्या. "पान उघडतच नाही."

"भलतंच!" मी म्हणालो. "मग गुन्हेगार येईल कशाला? सापळा लावायचा. नेहमीसारखं पान उघडं ठेवा, नेहमीसारखं खळ ढवळायला जा. मी खोलीत असेन. माझ्या डोळ्यांदेखत एक ठिपका जरी पडला तर नावाचा गुप्तहेर नाही."

त्यांनी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवणारे ते आयुष्यातले पहिलेच, त्यांना दिसत नाही हे लक्षात घेऊनही.

गुरुवार. दहा वाजता बाइंडरबाई परसात गेल्या, वडीलही त्यांचा हात धरून खळीचा वास बघायला गेले. मी शिकंज्यामागे उकिडवा बसलो. दारावर नजर. दहा वाजून दहा मिनिटं झाली. पायांना मुंग्या आल्या. दहा वाजून बारा मिनिटांनी दार उघडलं. मी झेप घेण्याच्या तयारीत होतो, पण मावशीच होत्या, बादली आणि ओलं फडकं घेऊन.

"अगंबाई, तुम्ही होय! सरका जरा, पुसायचंय."

"मावशी, मी दबा धरून बसलोय."

"बसा की, पण पाय वर घ्या."

मी स्टुलावर बसून पाय वर घेतले. त्यांची बादलीही धरली, स्त्रीदाक्षिण्य म्हणून. आणि गुन्हेगार कोणत्याही क्षणी येईल म्हणून टेबलाकडे पाठ करून दाराकडे एकटक बघत राहिलो. मागे मावशी कामाला लागल्या. फडक्याचा टप, टप, टप असा आवाज येत होता.

"काय हो ही खळ," त्या पुटपुटल्या. "रोज पुसा, रोज तिथेच चिकटलेली. घासायची सोय नाही. काच चिरते म्हणतात बाई, नुसतं टिपा म्हणतात."

मी जरा मान वळवून पाहिलं. कोणतीही गोष्ट अर्धवट राहिलेली मला खपत नाही. "मावशी, खाली एक मोठा डाग राहिलाय बघा," मी म्हणालो. "त्या बटणावर. जरा जोरात टिपा."

टप.

त्याच क्षणी दारात बायको उभी राहिली. भिंग न्यायला आली होती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. ती पडद्याकडे बघत होती.

"मावशी," ती म्हणाली, "पुन्हा एकदा करून दाखवता? फडकं लावायचं नाही, नुसतं कुठे कुठे लावलं ते दाखवा."

मावशींनी दाखवलं. बाइंडरबाई ज्या अक्षरांना खळीचं बोट लावत, बरोबर त्याच अक्षरांवर डाग पडत. मावशी डावीकडून सुरुवात करत आणि एकेक डाग टिपत पुढे जात. शेवटचा आणि सगळ्यात मोठा डाग बटणावर, कारण बाई सगळ्यात जास्त वेळा तेच दाबत.

"दिवसभर काचाच पुसते मी," बायको म्हणाली. "बोट जिथे लागतं तिथेच डाग पडतो आणि फडकंही तिथेच फिरतं. फक्त आमच्या काचा दाबल्यावर काही लिहीत नाहीत."

मी वळून पडद्याकडे पाहिलं. दहावा बदल. जतन झालेला. गुन्हेगाराने गुन्हा केल्यावर ठसे पुसले नव्हते. ठसे पुसणं हाच गुन्हा होता. आणि शेवटचा ठसा कुठला पुसायचा ते मी दाखवलं होतं.

"म्हणजे मी केलं हे?" मावशी खालीच बसल्या. "अहो, मला लिहायलासुद्धा धड येत नाही!"

बाइंडरबाई परसातून आल्या, त्यांना सगळं कळलं, आणि त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा. बारा वाजता पान जाणार होतं.

"लिही," बायको मला म्हणाली.

"काय?"

"घडलं ते. पानाला चर्चेची जागा असते ना, तिथे. तू साक्षीदार आहेस."

मी आयुष्यात बरेच अहवाल लिहिले आहेत, पण इतका अवघड एकही नव्हता. लिहिलं की, मी त्या वेळी खोलीत हजर होतो. गुन्हा माझ्यापासून चार हातांवर घडला. तेव्हा माझी पाठ होती आणि हातात बादली होती. शेवटचं बटण माझ्याच सांगण्यावरून दाबलं गेलं. बाइंडरबाईंचा काही दोष नाही, मावशींचा तर नाहीच. खाली नाव लिहिताना 'प्रख्यात' हा शब्द मी स्वतःहून गाळला. बायकोने पाठीवर हात ठेवला.

बाराला दहा मिनिटं असताना उत्तर आलं. बाइंडरबाईंनी ते मोठ्याने वाचलं: "दहाही बदल तपासले. सगळे सकाळी सव्वादहाच्या सुमाराचे, अक्षरं पट्टीतल्याच क्रमाने. खुलासा मान्य. खातं आणि पान आहे तसं राहील. साक्षीदार विश्वासार्ह वाटतो, कारण स्वतःबद्दल इतकं वाईट कोणी उगाच लिहीत नाही."

बाइंडरबाईंनी मावशींना मिठीच मारली. वडील मात्र गंभीर होते.

"पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं तुला?" त्यांनी विचारलं.

बाइंडरबाईंनी मान खाली घातली. "खळीचा हात कशाला लावायचा नाही."

"पानात लिहिलंस ते?"

"नाही, बाबा."

"तरीच." आणि मग ते असे हसायला लागले की स्टूल डुगडुगलं. "लिही आता. नाहीतर जगभरच्या मावश्या गोत्यात येतील."

त्या उठल्या, हात धुऊन आल्या आणि पानात एक ओळ वाढली: खळीचा हात कशालाही लावू नये. विकीवर कोणतंही विधान पुराव्याशिवाय टिकत नाही, म्हणून त्यांनी ओळीपुढे बारीक आकडा टाकला, एक्केचाळीस. त्या आकड्याला बोट लावलं की पानाच्या तळाशी संदर्भ दिसतो. तो संदर्भ म्हणजे माझी साक्ष आहे, माझ्या नावासकट. तीन महिने झाले, अजून कोणी काढलेला नाही.

त्या दिवशी मी तो बघायला अधीरपणे पडद्याकडे बोट नेलं. बायकोने मनगट धरलं.

"आधी हात धू," ती म्हणाली.