शोकेसमधले कप

"कौस्तुभा, काय व्हया ता सांग, पण ते कप बाहेर काढूक सांगा नको," सुगंधाकाकींनी आधीच हात जोडले.

कौस्तुभ हा काकींचा सख्खा पुतण्या, शेजारच्याच घरात राहणारा. बाहेरगावी शिकून त्याने आचऱ्यात भट्टी लावली होती आणि पोर्सेलीनचे, म्हणजे पांढऱ्याशुभ्र चिनी मातीचे साधे कप तो बनवत असे. नक्षी नाही, सोनेरी काठ नाही. भांडं रोजच्या वापरात झिजलं पाहिजे, हे तत्त्वज्ञान तो भेटेल त्याला ऐकवायचा. गावाने ते मान डोलवत ऐकलं, कौतुकाने कप नेले आणि सरळ शोकेसमध्ये ठेवले. इतक्या चांगल्या वस्तूतून चहा पिऊन तिचं वाटोळं करायला गाव काही वेडं नव्हतं.

आज मात्र कौस्तुभच्या अब्रूचा प्रश्न होता. मालवणात हॉटेल चालवणारी डेलिशा फर्नांडिस कप बघायला येणार होती. "माका नवे कप दाखवा नको, लोक रोज वापरतत ते दाखवा," असं तिने फोनवर बजावलं होतं. "आमच्या गावात घराघरांत वापरतत," असं हा छातीठोकपणे सांगून बसला होता. ऑर्डर हुकली तर भट्टी बंद, आणि पुण्याला मेव्हण्याच्या टाइल्सच्या दुकानात नोकरी.

"काकी, एकच दिवस. रोज वापरतंय असा सांग फक्त."

"खोटा मी बोलूचंय नाय. पण तुझी अडचण आसा तर चाय करतंय."

डेलिशा आली, पडवीत बसली. काकी ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रेमध्ये क्रोशाच्या रुमालावर कप ओळीने मांडले होते. धुतलेले, पुसलेले आणि रिकामे. शेजारी स्टीलच्या पेल्यांत वाफाळता चहा होता.

"गो काकी, चाय कपात ओतूची होती!" कौस्तुभ कुजबुजला.

"तू कप आणूक सांगलंस, आणलंय. गरम चायन तडाकले तर?"

"तेराशे डिग्रीत भाजलेले आसत ते!"

"ते तू भाजलंस. तडाकले तर बोल माका लागतलो."

डेलिशाने मान खाली घालून हसू लपवलं. शेवटी कौस्तुभने स्वतःच चहा कपांत ओतला. "घेवा! भांडा वापरूकच असता. फुटलो कप तर फुटलो!"

काकींनी दोन्ही हातांनी कप धरला आणि तीर्थ घ्यावं तसा डोळे मिटून घोट घेतला. पडवीतच बसलेल्या लवूकाकांनी, म्हणजे काकींच्या यजमानांनी, कप वर करून खालून बघितला.

"बशी खंय?"

"बशी नाय, काकानू. साधो कप आसा."

"बशी नाय तर चाय पियाची कशी?" म्हणत काकांनी चहा स्टीलच्या ताटलीत ओतला आणि रिकामा कप न बघताच पडवीच्या कठड्यावर ठेवला, अगदी कडेला.

"काकानू, कप सांभाळा!" कौस्तुभने झेप घेतली. खुर्ची आडवी झाली, ताटली उडाली, चहा काकांच्या लेंग्यावर सांडला. कप मात्र कौस्तुभच्या छातीशी सुखरूप होता. तो त्याने शर्टाच्या टोकाने पुसला, आत नेऊन शोकेसमध्ये ठेवला आणि काच सरकवून टाकली.

"फुटलो तर फुटलो म्हणालंस मा?" काकांनी लेंगा झटकत विचारलं.

तेव्हा कुठे आपण काय केलं ते कौस्तुभच्या ध्यानात आलं. ऑर्डर गेली, असं समजून तो मान खाली घालून उभा राहिला. रडूच यायचं बाकी होतं.

डेलिशा मात्र डोळे पुसत हसत होती. "माका पटला. करणारोच इतको जपता, म्हणजे वस्तू चांगलीच आसतली. पुरे दोन डझन द्या. रिसेप्शनात काचेचा कपाट आसा, थंय मांडतंय. गिऱ्हाइकांच्या हातात देवचंय नाय."

यावर तत्त्वज्ञानी माणसाने काहीतरी ठणकावून बोलायला हवं होतं. कौस्तुभने त्यासाठी तोंड उघडलंही.

"कपाटाक कुलूप आसा मा?" त्याने विचारलं.