पडवीतले अर्धे वाचक

हेमांगी नाबरचा ब्लॉग जो कोणी वाचायला घेई, तो जेवढा वाचेल तेवढा तिच्या कुडाळच्या घराच्या पडवीत उमटे. पहिल्या ओळीला डोकं, मग खांदे, अर्ध्या लेखाला कंबर आणि शेवटच्या ओळीला पाय. यात नवल काहीच नव्हतं. समोरच्या गावडे वहिनी पाककृती लिहायच्या, त्यांच्या अंगणात तर रोज अख्ख्या माणसांची झुंबड.

हेमांगी चित्रकार. ब्लॉगला वर्ष झालं म्हणून सकाळीच तिने वर्षाचा आढावा लिहून टाकला होता, आणि आता ब्लॉगांचे तपासनीस खडपकर पडवीत खुर्ची टाकून बसले होते. नियम साधा होता. वर्षात एक तरी अख्खा वाचक हवा, नाहीतर ब्लॉग बंद. आज शेवटचा दिवस, आणि बाकावरचे सगळे वाचक कमरेपर्यंतच.

"सगळे इथेच का अडकतात?" खडपकरांनी विचारलं.

"पहिल्या अर्ध्यात चित्रात काय जमलं ते असतं. पुढे काय फसलं ते."

"मग पुढचं काढून टाका की! लेख तिथेच संपला की पाय आपोआप येतील. गावडे वहिनी बघा, चार ओळींत कोलंबी शिजवतात."

"नाही काढणार," हेमांगी म्हणाली. "साहेब, वर्षापूर्वी या पडवीत चिटपाखरू नव्हतं. मला धड एक ओळ लिहिता येत नव्हती. आज एवढी माणसं इथवर आलीत, मला अभिमान आहे त्याचा. पण फसलेलं लपवून पाय नकोत मला."

कमरेपर्यंतच्या एका बाईंनी ओशाळून पदर सारखा केला.

"बंद करा हो साहेब, एकदाचं!" आतून आप्पा ओरडले. आप्पा म्हणजे तिचे वडील, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. लेकीच्या एका चित्राला उभ्या जन्मात बरं म्हणाले नव्हते, आणि ब्लॉगकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "चित्रकाराने कुंचला चालवावा, बडबड कसली करायची?"

खडपकरांनी पेनाचं टोपण काढलं. आतला आवाज थांबला. थोड्या वेळाने बाकाच्या टोकाला पांढरे केस दिसू लागले.

"अगं बाई!" हेमांगी म्हणाली.

केसांखाली चष्मा आला, मिशा आल्या, मग खांदे, आणि हातात मोबाइल. आप्पा मान वर करायला तयार नव्हते. कंबर आली आणि तेही थांबले. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा चढवला. मग गुडघे आले. खडपकर चक्क उठून उभे राहिले, आणि बाकीचे वाचक माना लांब करून बघू लागले.

शेवटी दोन्ही पाय आले, निळ्या सपातांसकट.

"समुद्राचा हिरवा तुला साधला नाही, हे खरंच आहे," आप्पा म्हणाले. "पण का साधला नाही, ते तू बरोबर लिहिलंयस. मला सगळी नोकरी संपली तरी पोरांना ते सांगता आलं नाही."

हेमांगीला इतका अभिमान वाटला की रडूच फुटणार होतं. पण तपासनीसांसमोर काय रडायचं!

"घरचा माणूस धरतात का हो?" तिने विचारलं.

खडपकरांनी वाकून दोन्ही पाय नीट पाहिले. "नियमात पाय हवेत म्हटलंय. कुणाचे, ते नाही." आणि त्यांनी सही केली.

आप्पा उठले. उंबऱ्याशी सपाता काढून पाहुण्यासारखे तिथेच घुटमळले.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

"या ना, बसा," हेमांगी म्हणाली. "चहा टाकते."