सासूबाई तळ्यात

ईस्टरच्या शनिवारी सुन्नाचं लग्न गोठलेल्या तळ्याच्या मधोमध, मासे धरायच्या भोकापाशी, कुजबुजत लागलं आणि त्याला कारण इस्सातची स्कूटर. अर्थात असं काही घडलेलं नाही. लग्न चर्चमध्येच लागलं असं पाद्रीबुवा सांगतात, आणि पाद्रीबुवा खोटं बोलत नाहीत. तेव्हा तो विषय संपला. पुढे जे आहे ते केवळ स्कूटरच्या देखभालीविषयी आहे.

स्कूटर म्हणजे बर्फावरची, पुढे दोन स्की आणि मागे रुंद रबरी पट्टा असलेली. गावातली इतर माणसं ती थंडी सुरू होताना एकदा तपासत, संपताना एकदा धूत आणि मधल्या काळात चालवत. इस्सात मधल्या काळातही तपासायचा. बर्फाचा भुगा असेल तर पुढचा भार हलका करायचा. वरचा थर गोठून पापडी धरली असेल तर पुढच्या स्कींच्या स्प्रिंगा आवळायच्या आणि खालची लोखंडी नखं सोडायची, म्हणजे ती पापडी खरवडतात, चुरा पट्ट्यावर उडतो आणि इंजिन थंड राहतं. ऊन लागून लगदा झाला की आणखी तिसरंच काहीतरी. हे सगळं अगदी बरोबर होतं. अडचण एवढीच, की या सगळ्याला वेळ लागायचा आणि बर्फाला वेळेची शिस्त नव्हती.

त्याच्या सासूबाई, राव्दनाबाई, डोंगरापलीकडे रेनडिअरच्या कळपाजवळ राहत. तिथे रस्ता जात नाही. लेकीच्या लग्नाला सहा वर्षं होऊन गेली तरी त्या जावयाच्या स्कूटरमागे एकदाही बसल्या नव्हत्या. घाबरत होत्या असं नाही. "मला पोचायचं असतं," एवढंच त्या सांगत. पण या खेपेला त्यांची स्वतःची स्कूटर धाकट्या मुलाने कळपामागे नेली होती, आणि लग्न सख्ख्या भाचीचं होतं. शिवाय नवरीची चांदी, म्हणजे आजीच्या वेळचे पदकं लावलेले शालीचे काटे आणि कमरपट्टा, राव्दनाबाईंकडे पेटीत होती. आत्याने चांदी चढवल्याशिवाय त्या घरची नवरी उंबरा ओलांडत नाही. नवरीचे वडील क्लेमेत यांनी इस्सातला फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "तू चांदी आण. चांदीबरोबर ताई येईलच."

इस्सात आदल्या संध्याकाळीच सासुरवाडीला जाऊन राहिला. दिवसभर बर्फ पडला होता, म्हणून त्याने स्कूटर भुग्यासाठी लावली. सासूबाईंनी चांगलं चालवतोस म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. निदान बरं चालवतोस. तेही पुरलं असतं.

रात्रीत कडाक्याचं गोठलं. सकाळी ताटासारख्या टणक पापडीवरून ते निघाले. मागे घसरगाडीत कातड्यावर राव्दनाबाई, मांडीवर चांदीची पेटी, पायाशी लग्नाच्या रश्शासाठी घेतलेला चरबीचा डबा, हातात कॉफीचा थर्मास. पहिला चढ संपायच्या आत स्कूटरचा लाल दिवा लागला. पट्ट्यावर उडायला मोकळा बर्फच नव्हता.

"काय झालं?" राव्दनाबाईंनी विचारलं.

"तापलीये, आई. नखं सोडायला हवीत. आणि पुढचं जरा आवळतो."

"लग्न आजच आहे ना रे?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच माहिती हवी होती.

इस्सातने नखं सोडली. डावी बाजू आवळली, मग उजवी आवळली, मग उजवीच्या मानाने डावी ढिली वाटली म्हणून ती पुन्हा आवळली. काम चोख झालं. तोवर सूर्य डोंगरावर आला आणि पापडी मऊ पडली. आता जड झालेलं नाक खाली घालून स्कूटर जमीन हुंगत निघाली आणि तिसऱ्या झुडपापाशी थेट आत शिरली. इस्सातने नखं वर घेतली आणि पुढचं सगळं ढिलं केलं. शिवाय घसरगाडी जोडलेल्या मागच्या लोखंडी दांड्याने स्कूटरचं शेपूट अडकतंय असं त्याच्या लक्षात आलं, म्हणून दांडा काढून त्याने घसरगाडी लांब दोराने बांधली. दांडा घसरगाडीत आडवा टाकला. राव्दनाबाईंनी पाय वर घेतले.

हे होईतो दुपार झाली आणि मऊ बर्फाचा लगदा झाला. स्कूटर आता उत्तम चालली असती, मघाच्या मऊ बर्फावर. इथे लगदा घसरगाडीच्या बुडाला चिकटत होता आणि दहा पावलांवर ती ओढलेली म्हैस होत होती. म्हैस इथे कोणी पाहिलेली नाही, पण पाहिली असती तर हेच म्हणाले असते.

इस्सातची नजर डब्यावर गेली.

"रस्सा कोरडा होईल," राव्दनाबाई म्हणाल्या.

"रस्सा कोरडा झालेला चालेल, आई. नवरी तशीच बसून राहिली तर नाही चालायचं."

हे त्यांना पटलं. त्या स्वतः उतरल्या आणि डबा उघडून दिला. इस्सातने बुडाला चरबी चोपडली. हात राखून चोपडावी असं त्याच्या मनात आलं होतं, पण घाई होती. डबा रिकामा झाला.

तिथून पुढे उतार होता, आणि उताराखाली तळं. पलीकडच्या काठावर चर्चचा मनोरा दिसत होता. इस्सात जपून, ब्रेक धरून उतरायला लागला. घसरगाडीला ब्रेक नव्हता. अर्ध्या उतारावर त्याला डाव्या हाताला हालचाल दिसली म्हणून त्याने पाहिलं, तर राव्दनाबाई त्याला मागे टाकून चालल्या होत्या. वाटेत ओळखीचं माणूस भेटलं की इथे हात वर करतात. तसा त्यांनी केला. मग दोर ताणला गेला, आणि थोडा वेळ सासूबाईंनी जावयाला ओढलं. मग गाठ सुटली. गाठ इस्सातने मारली होती.

राव्दनाबाई काठचा लगदा न भिजता पार करून सरळ तळ्याच्या मध्यावर गेल्या आणि गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याशेजारी थांबल्या. इस्सातची स्कूटर काठच्या लगद्यातच रुतली. तो खाली उतरला तर कमरेपर्यंत आत गेला. त्याने तिथूनच फोन लावला.

इथे एक सांगायला हवं. त्या गावात भर हिवाळ्यात एखादा 'तळ्यात आहे' म्हटलं, की तो मासे धरतोय. बर्फ सुटायला लागल्यावर 'तळ्यात आहे' म्हटलं, की पाद्रीला बोलवा. ईस्टर नेमका या दोहोंच्या मध्ये येतो.

"क्लेमेतमामा," इस्सात म्हणाला, "आई तळ्यात आहेत."

क्लेमेत हळूच म्हणाले, "आणि चांदी?"

"चांदीपण त्यांच्याकडेच आहे."

यानंतर गारठ्याने फोन बंद पडला.

थोड्याच वेळात पलीकडच्या काठावरून अख्खं लग्न निघालं. दोर, शिड्या, घोंगड्या घेऊन वऱ्हाड पुढे. मागे अर्धी नटलेली सुन्ना आणि नवरा मुलगा. आणि एका घसरगाडीत काळा झगा सावरत पाद्रीबुवा. त्यांना कोणी आणि कशासाठी घेतलं, हे नंतर कोणी बोललं नाही. सगळे पोचले तेव्हा राव्दनाबाई म्हाताऱ्याला कॉफी ओतून देत होत्या.

"उशीर केलात," त्या म्हणाल्या.

सुन्ना "आत्या, अगं आत्या" करत गळ्यात पडली. क्लेमेतनी आधी पेटी उघडून पाहिली आणि मग बहिणीची विचारपूस केली. राव्दनाबाईंनी तिथेच उभं करून सुन्नाला चांदी चढवली. काटे सरळ आहेत की नाहीत हे पाहायला त्या दोन पावलं मागे सरकल्या. म्हाताऱ्याने त्यांना भोकात पडण्यापासून वाचवलं.

आता परत निघायचं, तर पाद्रीबुवांनी घड्याळ पाहिलं. ईस्टरला लग्नांची रांग असते. चर्चच्या दारात पुढचं वऱ्हाड येऊन उभं असणार, आणि पाद्रीबुवा परत पोचले की त्या वऱ्हाडाचे. तेव्हा जे व्हायचं ते इथेच. त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, या विवाहाला कोणाची हरकत आहे काय. म्हाताऱ्याने हात वर केला. त्याची हरकत आवाजाला होती. मासे पळत होते. म्हणून पुढचं सगळं कुजबुजत झालं. नवरा मुलगा काय म्हणाला ते कोणालाच ऐकू आलं नाही, पण तो 'हो'च म्हणाला असं धरण्यात आलं. याच वेळी त्याच जागी म्हाताऱ्याला मोठा मासा लागला, हे मात्र घडलं आहे आणि सर्वांना मान्य आहे.

इस्सातला काठावरून फक्त ठिपके दिसत होते. ठिपके जमले, गप्प झाले, मग एकमेकांना मिठ्या मारायला लागले. सासूबाई गेल्या असं समजून तो मुकाट्याने स्कूटर लगद्यासाठी लावत राहिला. त्याला दुसरं काही येत नव्हतं. ते काम संपेपर्यंत ऊन उतरलं आणि लगदा स्कूटरसकट गोठला.

मग क्लेमेतच्या स्कूटरवरून राव्दनाबाई आल्या. अंगाने कोरड्या होत्या. त्यांनी गोठलेल्या स्कूटरला एक फेरी मारली आणि वरच्या उताराकडे बघत उभ्या राहिल्या. इस्सात वाट पाहत होता. सहा वर्षं पाहिली होती, आणखी थोडी.

"किती जोरात गेले रे मी?"

"खूप, आई. चुकलंच माझं."

"तू पुढे नसलास की बरी चालते तुझी घसरगाडी," त्या म्हणाल्या. मग क्लेमेतला ऐकू जाणार नाही अशा बेताने जवळ आल्या. "पुढच्या शनिवारी मला पुन्हा त्या उतारावरून न्यायचं. तिथूनच. चरबी मी आणते."

"आई, पण बर्फ तसा लागतो. खाली पापडी, वर लगदा, ऊन त्याच अंगाने. तसा परत नाही मिळायचा."

"मग मागव," राव्दनाबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी सहा वर्षांत मागितलेली ही पहिली गोष्ट. इस्सातने त्याच आठवड्यात अर्ज केला, तो असा:

प्रति, हवामान कार्यालय. विषय: बर्फ मिळणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, येत्या शनिवारी दुपारी तळ्याच्या पश्चिमेकडील उतारावर, खाली पक्की पापडी व वर दोन बोटं लगदा या प्रतीचा बर्फ, मागून मंद वाऱ्यासह, उपलब्ध करून देण्यात यावा. तसेच अर्जदाराची सासू खाली पोचून थांबेपर्यंत सदर बर्फात कोणत्याही स्वरूपाचा बदल करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.