लिब्रादोची पाठ आणि जूनचा ढग

ऊन कशाशी खातात हे मेहिकालीत जन्मलेल्या माणसाला कोणी शिकवू नये, असं लिब्रादो बाराझाचं ठाम मत होतं. मेक्सिकोतलं मेहिकाली पडलं ऐन वाळवंटात. जून उजाडला की तिथे गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायलाही फडकं लागतं, आणि गार पाण्याचा नळ सोडला तरी चहा टाकता येईल असं पाणी येतं. अशा गावात लिब्रादोने उभा जन्म उघड्या अंगणात ट्रकचे टायर बदलले होते.

त्याची मुलगी यारेली समुद्रकाठच्या एन्सेनादाच्या आबेलशी लग्न करणार होती. रीतीप्रमाणे मुलाकडच्यांनी मुलीच्या दारी येऊन मागणी घालायची. पण जूनमध्ये मेहिकालीला यायला आबेलचा एकही काका तयार होईना. शेवटी आबेलचे वडील क्रिसान्तो यांनी फोन करून विनवलं, की तुम्हीच रविवारी आमच्याकडे समुद्रावर जेवायला या, मागणी इथेच घालू. जाता जाता त्यांनी हेही सांगितलं, की सध्या आमच्याकडे दिवसभर ढग असतो, पण त्याच्यावर विसंबू नका, ढगाआडूनही ऊन भाजतं, अंगाला क्रीम लावा.

"व्याही," लिब्रादो म्हणाला, "सूर्य आमच्या घरी भाड्याने राहतो. तुमच्या ढगाचं मला काय सांगता?"

रविवारी पहाटे बाराझा कुटुंब खजुराची पेटी घेऊन निघालं. ला रुमोरोसाचा घाट चढताना गाडीतला एसी बंद केला, घाट संपल्यावर काचा वर घेतल्या आणि एन्सेनादा येईपर्यंत बायको ओफेलियाने स्वेटर चढवला. समुद्र असा दिसतच नव्हता. वाळवंट तापलं की समुद्रावरचा गार ढग आत ओढला जातो, आणि जूनभर तो किनाऱ्यावर घरजावयासारखा ठाण मांडून बसतो. आला की हलायचं नाव नाही.

जेवणाला वेळ होता, म्हणून मंडळी किनाऱ्यावर थांबली. मायलेकी शाल गुंडाळून बसल्या. लिब्रादोने मात्र सदरा काढला. घरी कूलर रात्रभर गिरणीसारखा घरघरायचा, त्यामुळे महिनाभर त्याला धड झोप नव्हती. त्या गार, राखाडी हवेत त्याला स्वर्ग दोन बोटं उरला. ओफेलियाने क्रीमची ट्यूब पुढे केली, तेव्हा ढगाला क्रीम लावायचं असेल तर वर जाऊन लाव, असं म्हणून तो वाळूवर पालथा पडला, डावा गाल हातावर टेकला आणि घोरू लागला. मायलेकी उबेसाठी कॉफीच्या टपरीत जाऊन बसल्या. बिचाऱ्याला झोपू दे, म्हणून कोणी उठवलं नाही.

उठला तेव्हा ढग जसाच्या तसा होता. सावलीसुद्धा पडत नव्हती. लिब्रादोने सदरा अंगात घातला, आणि कोणीतरी आतून सँडपेपर शिवून ठेवलाय असं त्याला वाटलं. गाडीच्या आरशात पाहतो तर चेहऱ्याचा उजवा अर्धा भाग बीटासारखा लाल आणि डावा होता तसाच. ओफेलियाने फक्त एकदा पाहिलं. तिने क्रीमची ट्यूब पुन्हा पिशवीत टाकली, आणि तेच त्याला जास्त झोंबलं.

"तिथे कोणाला सांगायचं नाही," त्याने बजावलं. "मेहिकालीची अब्रू आहे."

क्रिसान्तोच्या दारात काकांची रांगच उभी होती. तिकडे पुरुषाने पुरुषाला मिठी मारायची म्हणजे पाठीत तीन सणसणीत थापा हव्यातच. पहिला काका हात पसरून पुढे आला, तशी लिब्रादोने खजुराची पेटी ढालीसारखी मध्ये धरली. सगळ्या काकांना त्याने पेटीआडूनच नमस्कार केला. आबेलची आई आम्पारो पेटी घ्यायला आली, तर हा ती सोडेना.

जेवायला बसल्यावर तो खुर्चीच्या टोकावर ताठ बसला, पाठ टेकलीच नाही. माशावर लिंबू आणि मिरची सढळ होती. पहिला घास भाजलेल्या ओठाला लागला आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. टेबलाच्या दोन बाजूंना दोन मतं तयार झाली. उजवीकडे बसलेल्यांना लाल गाल आणि पाणावलेला डोळा दिसत होता. ते कुजबुजले, की हा घरूनच टाकून आलाय. डावीकडच्यांना नुसता आवळलेला जबडा दिसत होता. त्यांच्या मते माणूस शुद्धीवर होता, पण त्याला स्थळ पसंत नव्हतं. आम्पारोचा चेहरा उतरला. आबेलने काटा खाली ठेवला.

यारेलीने बापाला स्वयंपाकघरात बोलावलं. तिचे डोळेही भरले होते, आणि तिने मिरची खाल्ली नव्हती.

"पपा, तुम्हाला आबेल आवडत नाही ना?"

"आवडतो गं."

"मग त्याला एकदाही जवळ का नाही घेतलंत? त्याची आई आत जाऊन रडतेय."

लिब्रादोने सदरा सारखा केला. टायरखाली बोट सापडलं तेव्हाही त्याने हूं की चूं केलं नव्हतं. मग एका मिठीचं काय एवढं? तो बाहेर आला, सरळ आबेलपाशी गेला आणि सगळ्यांदेखत त्याला कवटाळलं. आबेलच्या जिवात जीव आला. त्या आनंदाच्या भरात त्या धट्ट्याकट्ट्या पोराने होणाऱ्या सासऱ्याच्या पाठीत थाप मारली. एकच मारली, पण सगळा जीव ओतून.

लिब्रादो जो ओरडला, त्याला बंदरातल्या समुद्रसिंहांनी उत्तर दिलं.

मग किनाऱ्यावरचं सगळं ओफेलियाने सांगून टाकलं. काका इतके हसले की एकाला पाणी पाजावं लागलं. आम्पारोने डोळे पुसले, अंगणातली कोरफड कापली आणि व्याह्यांना उघड्या अंगाने बैठकीतल्या सोफ्यावर पालथं घातलं. क्रिसान्तोने हसू दाबत कोट चढवला. ठरलेली वेळ टळू नये म्हणून लिब्रादोच्या उशाशी उभं राहून त्याने रीतसर मागणी घातली, की आमच्या मुलाला तुमची मुलगी द्यावी.

तेवढ्यात विहीणबाईंनी कोरफडीचा गारेगार गर पाठीवर थापला. लिब्रादो उशीत तोंड खुपसून काहीतरी बोलला.

"काय म्हणाले?" क्रिसान्तोने विचारलं.

"हो म्हणाले," यारेलीने सांगितलं.

टाळ्या झाल्या, बाटल्या उघडल्या, दोन्ही आयांनी एकमेकींना मिठी मारली. लिब्रादो खरं तर "विहीणबाई, जरा हळू" एवढंच म्हणाला होता. पण दुरुस्ती करायची तर उठावं लागलं असतं, आणि उठला असता तर सगळे काका अभिनंदनाला आले असते. तो तसाच पडून राहिला.