नरहरतात्यांच्या अकरा हरकती

कार्तिक वद्य पंचमी, मंगळवार. सकाळचं शेणघाण आवरून मी अंगणात गोठ्याच्या चार खांबांच्या जागा चुन्यानं आखत होते. तोच शेजारच्या भिंतीवरून एक सुतळी सरसरत खाली आली. टोकाला दगड बांधलेला आणि हाताहातावर गाठी. दगड माझ्या चुन्याच्या रेघेवर टेकला. वर पाहिलं तर नरहरतात्यांचं डोकं.

"हे कायम स्वरूपाचं की तात्पुरतं?" त्यांनी विचारलं.

"म्हशीचं आहे," मी म्हटलं.

"म्हैस तात्पुरती. छप्पर कायमचं. लेखी आहे का?"

लेखी काही नव्हतं. माझी म्हैस पौषात व्यायची होती आणि थंडीत रेडकू उघड्यावर ठेवायचं नव्हतं, एवढाच माझा विचार. बारामतीत हे घर घेऊन आम्हांला दोनच वर्षं झाली होती. त्याआधी आम्ही निरवांगीला. तिथं छप्पर घालायचं तर खांब रोवतात, कागद रोवत नाहीत.

नरहरतात्या उभा जन्म इंदापूरला कारकुनी करून पेन्शनीवर आलेले. बांधकामाचे नियम त्यांना आरतीसारखे पाठ. आळीत कोणाचं लग्न निघालं की मांडवाचा खांब गटारापासून किती अंतरावर आहे हे तात्या मोजून येत, अक्षता नंतर. समोरच्या चंद्राबाईंनी कोंबड्यांचं खुराडं केलं, तर त्याला जोतं आहे का हे बघायला तात्या ओणवे झाले आणि कोंबड्यानं त्यांची टोपी फाडली. माझ्या तुळशीवृंदावनाचीही त्यांनी चौकशी केली होती. "देवाचं आहे, मान्य. पण विटांचं आहे ना?"

असल्या माणसावर मी विश्वास ठेवणं शक्यच नव्हतं. तरी नगरपालिकेच्या परवानगीचा अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडेच जावं लागलं, कारण आळीतले सगळे अर्ज तेच लिहीत. आणि त्यातल्या बहुतेकांवर मागाहून हरकतही तेच घेत.

"हे कसं हो तात्या?" मी विचारलं.

"अर्ज लिहून देणं हा शेजारधर्म, वहिनी. हरकत घेणं हा रहिवाशाचा हक्क. दोन्हींची शाई वेगळी ठेवतो."

ठेवत होते खरंच. दोन दौती मी डोळ्यांनी पाहिल्या.

त्यांनी मला नियम समजावले. गावात गवताचं छप्पर चालायचं नाही, आगीचं भय, पत्रा घाला. पागोळ्यांचं पाणी आपल्याच हद्दीत पडलं पाहिजे. म्हणजे छपराची उंच बाजू तात्यांच्या भिंतीकडे आणि उतार माझ्या अंगणाकडे. मोरी दाखवा. नकाशा जोडा. मंजुरी येईस्तोवर खड्डासुद्धा खणू नका.

"उंच बाजू किती हात धरू?"

"सात."

टाक थांबला. "पाच पुरत नाहीत का?"

"सातच लिहा."

"साडेचारात म्हैस मावते, वहिनी. म्हैस काही उभी राहून शिंकाळ्यातलं लोणी खात नाही."

मी सात म्हटलं ते सातच लिहायला लावलं. एखादा माणूस माझं छप्पर बुटकं करायला निघाला, तर त्यात त्याचा काहीतरी फायदा असणार.

नकाशा मात्र त्यांनी सुरेख काढला. घरी आणून मी तो निरखला आणि कपाळाला आठी पडली. तात्यांच्या घराची जी भिंत माझ्या अंगणाला लागून आहे, तिला एक खिडकी आहे. त्यांच्या घराचं जोतं उंच, त्यामुळे खिडकीची खालची कड माझ्या अंगणापासून चांगली पाच हातांवर. नकाशात त्या जागी कोरी भिंत होती. गटाराचं वळणसुद्धा न चुकणारा माणूस स्वतःची खिडकी विसरतो?

आमचे हे पिंपळीच्या मळ्यातून वांगी घेऊन आले होते. त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "विसरला असेल म्हातारा."

"तो विसरणारा नाही. छप्पर उभं राहू देईल, मग म्हणेल नकाशा खोटा आहे, पाडा."

"मग तू सांग कचेरीत."

"बघते," मी म्हटलं. उगीच बोलून महिना वाया घालवायचा नव्हता.

अर्ज गेला, आणि चार दिवसांनी तात्यांची हरकत गेली. अकरा कलमं. शेण, डास, हंबरणं इथवर ठीक. पुढं, पत्र्यावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने शेजाऱ्याच्या डोळ्यांस इजा. छपरावर चढून चोर शेजाऱ्याच्या माळवदावर जाण्याचा संभव. नववं कलम असं की म्हैस स्वभावतः भिंतीस अंग घासते, सबब कालांतराने विटा झिजतील. अकरांत खिडकीचा उजेड अडतो हे कलम कुठंच नव्हतं. खरं तर तेवढं एकच लिहिलं असतं तर माझं छप्पर तिथंच अडलं असतं. माझा संशय आणखी पक्का झाला.

ओव्हरसियर पाहणीला आले तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी तात्यांनी भिंतीवरून गोधड्या वाळत सोडल्या होत्या. तीन गोधड्या, बरोबर खिडकीवर. या एकट्या माणसाला तीन गोधड्या धुवायचा हुरूप कुठून आला? ओव्हरसियरनी अकरा कलमं शांतपणे वाचली, नवव्याला खोकला काढला, जागा मोजली. मी तोंड उघडणार होते. पण बोलले तर चौकशी, फेरनकाशा, आणि तोवर म्हैस उघड्यावर व्यायची. मी चुन्याच्या रेघा दाखवत राहिले. तात्या माझ्याकडे बघत नव्हते.

मंजुरी मार्गशीर्षात आली. सखाराम गवंडी खड्डे खणायला आला. पहिला खड्डा झाल्यावर त्यानं वर पाहिलं आणि पहार खाली ठेवली.

"वैनी, ह्या खिडकीवर पत्रा येनार. ठावं हाय न्हवं?"

"आहे. तात्यांना चालतंय, मग तुला काय?"

"मीच फोडली ती खिडकी."

"परवानगी होती?"

सखाराम हसला. "परवानगीला म्हैना लागतो. काकीकडं, तात्यांच्या बायकोकडं, म्हैना हाय का न्हाय, ते वैद्यालाबी ठावं न्हवतं. कमरंखालचं अंग गेलं व्हतं त्येंचं. म्हनल्या, भिंतीकडं बगून बगून मी भिंत झाले, मला मानसं दावा. मी भर दुपारी भिंत फोडत हुतो, आन् तात्या दारात हुबं. कुनी येतंय का बगत. घामानं अंगरखा भिजलेला. माती सोता पाटीनं वाहिली त्येंनी."

"आणि काकी?"

"दोन वर्सं जगल्या की! पडल्या पडल्या आडावरच्या बायकांशी बोलायच्या. तुमी यायच्या आदीच गेल्या."

"मग हरकतीत खिडकी का नाही लिहिली?"

"लिवली आसती तर कागुद मागितला आसता. पयली खिडकीच बुजवली आसती."

मी त्याला दुसरा खड्डा उद्या खण म्हणून घरी पाठवलं.

आळीचा आड माझ्या अंगणापलीकडे आहे. संध्याकाळी बायका पाणी शेंदायला आल्या, तेव्हा मी चारा टाकण्याच्या निमित्तानं अंगणात रेंगाळले. खिडकीच्या कडेला टेकून उंच खाट होती, आणि खाटेच्या पायथ्याला अगदी कडेवर तात्या बसले होते. उशीकडची बाजू मोकळी. आडावरून चंद्राबाई ओरडल्या, "तात्या, जेवन झालं का?"

"व्हायचंय."

"काय केलंय?"

"पिठलं."

"काल बी पिठलंच!"

"कालचं तात्पुरतं होतं," तात्या म्हणाले. आडावर हशा पिकला. चंद्राबाईंनी कळशी काखेला मारली, आणि शेवटची बाई जाईपर्यंत तात्या तिथंच बसून होते.

मी चारा टाकला आणि आत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सखाराम आल्याबरोबर खांब साडेचार हातांवर कापायला सांगितले. तो म्हणाला, "उताराकडनं तीनच हात ऱ्हाईल. धार काडायला वाकून जावं लागंल, वैनी, दोन टायमाला."

"माझी कंबर आहे. तू काप."

मग हात धुतले आणि उंची बदलल्याचा कागद स्वतः लिहायला बसले. तात्यांकडे गेले नाही. सात हातांऐवजी साडेचार, असं लिहिलं. कारण लिहिताना थोडा वेळ गेला. आमची म्हैस आळीत सगळ्यांत उंच आहे, हे कोणीही सांगेल. मी लिहिलं, "म्हैस ठेंगणी आहे," खाली सही केली, आणि ऊन चढायच्या आत कागद कचेरीत देऊन आले.